वस्तीतलं एकही बाळ लसीवाचून राहू नये म्हणून: सोलापूरसाठी कामाचा आराखडा

सोलापूरच्या वस्त्यांत लस चुकलेल्या बाळांच्या घरी जाऊन कारण विचारलं, तर ठामपणे 'आम्हाला नकोच' म्हणणारी घरं थोडी निघतात. बहुतेक ठिकाणी उत्तर वेगळं असतं. 'त्या दिवशी पाणी आलं होतं.' 'मी माहेरी होते, कार्ड तिकडंच राहिलं.' 'मागच्या सुईला रात्रभर तापला, माझ्या विड्या राहिल्या.' 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही.' या उत्तरांकडे नीट पाहिलं की कामाची दिशा कळते. बाळ सुटतं ते नाव यादीत नसल्यामुळे आणि सत्राची वेळ आईच्या वेळेत बसत नसल्यामुळे. म्हणून सुरुवात जनजागृतीच्या भाषणानं करू नका. आधी यादी करा, मग घड्याळ लावा, बोलणं त्यानंतर.

हा आराखडा आशाताई, सिस्टर, महिला आरोग्य समितीच्या बायका, वस्तीत काम करणारी मंडळं आणि महाविद्यालयांतल्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलामुलींसाठी आहे. सुई सिस्टरच देणार, पण बाळ सुईपर्यंत पोचवायचं काम बाकीच्यांचं आहे आणि खरी अडचण तिथंच आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे ७४ टक्क्यांचंच लसीकरण पूर्ण असल्याचं दिसलं. गोवराला रोखायचं तर दोन्ही डोस ९५ टक्के मुलांपर्यंत जायला हवेत. मधल्या फरकाचा अर्थ २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांनी पाहिला. गोवर दाट वस्तीत शिरला, मुलं दगावली, आणि आजारी पडलेल्यांत लस न घेतलेलीच मुलं जास्त होती. दहा बाय दहाच्या खोल्या, एकमेकींना चिकटलेल्या भिंती आणि लस चुकलेली मुलं हे सगळं आपल्याही शहरात आहे.

पहिली पायरी: घरं मोजा

एका आशाताईकडे साधारण २०० ते ५०० घरं असतात. वहीत नोंदलेली घरं आणि गल्लीत उभी असलेली घरं यांत फरक पडतोच, आणि सुटलेली बाळं नेमकी त्या फरकात असतात. म्हणून कोऱ्या कागदावर वस्तीचा नकाशा हातानं काढा. देऊळ, मशीद, सार्वजनिक नळ, शौचालय, पिठाची गिरणी या खुणा आधी टाका, मग गल्ल्या आखा, मग गल्लीच्या डाव्या हातापासून घरांना नंबर द्या. माडीवर भाडेकरू असेल तर त्याला वेगळा नंबर. एका दारामागं तीन चुली असतील तर तीन घरं धरा.

हमखास सुटणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. नाल्याच्या आणि रेल्वे रुळाच्या कडेची पालं. बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. शहराच्या कडेच्या वीटभट्ट्या. यंत्रमागाच्या कारखान्यातच राहणारी कामगार कुटुंबं. ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर साखर कारखान्यांच्या वाटेवर उतरणाऱ्या ऊसतोड टोळ्या. आणि हद्दीवरचा पट्टा. कुंभारीकडच्या घरकुल वसाहतींत राहायचं आणि कामाला शहरात यायचं, असं हजारो कुटुंबांचं चालतं. घर जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्राकडे, आईचा दिवस महापालिकेच्या हद्दीत. दोन्हीकडे 'ते त्यांच्याकडे असतील' असं धरलं जातं आणि बाळ कुठल्याच यादीत येत नाही. हद्दीवरच्या दोन्ही बाजूंच्या सिस्टरनी महिन्यातून एकदा याद्या समोरासमोर ठेवून नाव-नाव वाचायची, एवढा एकच उपाय इथं चालतो. फोनवर 'हो हो, आहेत आमच्याकडे' एवढ्यावर विसंबू नका.

मोजणी झाली की आकडा तपासायचा. समजा ३५० घरं, घरटी ५ माणसं, म्हणजे १,७५० लोकसंख्या. हजारी १५ ते १८ जन्म धरले तर वर्षाला २६ ते ३२ बाळं. म्हणजे सहा महिन्यांच्या आतली बाळं यादीत १३ ते १६ असायला हवीत. वहीत सातच असतील तर वस्तीत बाळं कमी आहेत असं समजू नका. यादी अर्धवट आहे, परत फिरा. ही मोजणी वर्षातून दोनदा करायची: एकदा दिवाळीनंतर, एकदा उन्हाळ्यात.

दुसरी पायरी: नावांची यादी, तीन रकान्यांनी वाढवलेली

नेहमीच्या यादीत बाळाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव आणि झालेले डोस असतात. त्यात आणखी तीन रकाने घाला: घरात बोलायची भाषा, आईचं काम आणि त्याच्या वेळा, माहेरचं गाव. सोलापुरात या तीन गोष्टींनी अर्धं काम होतं.

नवजात बाळाचं नाव ठेवलेलं नसतं, मग यादीत 'बेबी ऑफ' म्हणून नोंद होते आणि बारशानंतर तेच बाळ दुसऱ्या नावानं पुन्हा चढतं. म्हणून जन्मतारीख आणि आईचं नाव हीच खरी ओळख धरा. मोबाइल नंबर दोन घ्या. एकच घेतला तर तो बहुधा वडिलांचा किंवा मामाचा निघतो, आणि सत्राचा निरोप आईला कधी कळतच नाही. यू-विन या सरकारच्या लसीकरण नोंदीच्या पोर्टलवर नोंद करतानाही ज्या नंबरवर नोंद होते त्याच नंबरनं ती पुढं शोधावी लागते, त्यामुळे तो नंबर कार्डाच्या मागच्या बाजूला पेनानं लिहून ठेवा.

पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोसही न मिळालेल्या बाळाला आरोग्य खात्याच्या भाषेत 'झिरो डोस' म्हणतात. ही नावं लाल पेनानं, वेगळ्या पानावर. महिन्याचा पहिला फेरा त्यांच्याच घरी.

तिसरी पायरी: वस्तीचं घड्याळ

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. तीन, चार, कधी पाच दिवसांआड येतं, आणि आलं की घरातली बाई दारातून हलत नाही. हलणारही नाही, पुढच्या चार दिवसांचं पाणी तेवढ्या दोन-तीन तासांत भरायचं असतं. पाण्याच्या दिवशी लावलेलं सत्र ओस पडतं आणि अहवालात 'लाभार्थी प्रतिसाद नाही' असं लिहिलं जातं. महिन्याचं सत्र ठरवण्याआधी त्या भागाची पाण्याची पाळी विचारा. पाळी पुढंमागं झाली तर सत्राच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा खात्री करा आणि गरज पडली तर वेळ बदलून घ्या. सकाळी पाणी असेल तर सत्र दुपारी दोननंतर.

दुसरं घड्याळ विडीचं. पूर्व भागात, अक्कलकोट रोड, हैदराबाद रोडच्या वस्त्यांत घरटी एक तरी बाई विड्या वळते. पानं ओल्या गोणपाटात ठेवून मऊ केलेली असतात, ती कापून झाली की सुकायच्या आत वळून संपवावी लागतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात दोरा. अशा वेळी 'दहा मिनिटं चला' म्हटलं तरी तिला ती दहा मिनिटं परवडत नाहीत, कारण दहा मिनिटांचा तास होतो आणि सुकलेल्या पानाच्या विड्या ब्रँचमध्ये, म्हणजे कारखान्याच्या विड्या जमा करून घेणाऱ्या जागी, छाटात निघतात, नाकारल्या जातात. ब्रँचला विड्या द्यायची वेळ कारखान्यागणिक वेगळी असते. ती गल्लीतच विचारून घ्या आणि सत्र माल देऊन परतण्याच्या वाटेवर, त्या वेळेनंतर लावा. शक्य असेल तिथं ब्रँचशेजारचीच जागा धरा. बाया तिथं येतातच, बाळ कडेवर असतंच.

रमजानात सकाळी दहाचं सत्र रिकामं जातं, घर पहाटेपासून जागं असतं आणि सकाळी डोळा लागलेला असतो. दुपारच्या नमाजनंतरची वेळ चालते, आणि आदल्या दिवशी मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलेलं दहा पत्रकांपेक्षा लवकर पोचतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते. त्या दोन-तीन दिवसांत शहराच्या मध्यभागी सत्र ठेवूच नका.

जागा निवडताना सावली, पाणी, बसायला सतरंजी आणि आत येण्या-जाण्याच्या दोन वाटा पाहा. अंगणवाडी उत्तम. समाजमंदिर चालेल, पण ते सगळ्या समाजांना आपलं वाटतं का हे आधी विचारा. काही वस्त्यांत एका गल्लीच्या देवळात दुसऱ्या गल्लीतल्या बाया पाऊल टाकत नाहीत, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही.

कोणत्या वयाला काय

पालकांना आठवडे लक्षात राहत नाहीत, महिने राहतात. तसंच सांगा.

जन्मतः: बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओचा शून्य डोस, आणि २४ तासांच्या आत कावीळ-बची लस. शून्य पोलिओ १५ दिवसांपर्यंत देता येतो.
दीड महिना: पेंटा, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस (जुलाबाविरुद्धचे थेंब), पीसीव्ही (न्यूमोनियाविरुद्धची सुई) आणि एफआयपीव्ही (पोलिओची सुई).
अडीच महिने: पेंटा, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस.
साडेतीन महिने: पेंटा, थेंब, रोटा, पीसीव्ही आणि एफआयपीव्हीचा दुसरा डोस.
नऊ महिने पूर्ण: गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, एफआयपीव्हीचा तिसरा डोस, जीवनसत्त्व अ चा पहिला डोस (१ मिली).
१६ ते २४ महिने: गोवर-रुबेला दुसरा, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओ बूस्टर. जीवनसत्त्व अ इथून पुढं दर सहा महिन्यांनी २ मिली, पाच वर्षांपर्यंत.
५ ते ६ वर्षं: डीपीटीचा दुसरा बूस्टर. नंतर १० आणि १६ व्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्प).

सत्राला किती सुया लागतील याचा सोपा हिशेब आहे. जन्मवेळच्या सोडल्या तर दोन वर्षांपर्यंत एका बाळाला १२ सुया: पेंटा ३, एफआयपीव्ही ३, पीसीव्ही ३, गोवर-रुबेला २, डीपीटी १. वर्षाला ३० बाळं जन्मणाऱ्या वस्तीत महिन्याला साधारण ३० सुया झाल्या पाहिजेत. रजिस्टरवर महिन्याला १५ दिसत असतील तर निम्मं काम राहिलं आहे.

उशीर झाला तरी

'आता वेळ गेली, परत पहिल्यापासून' हे वाक्य कधीही कुणाला सांगू नका. डोस कितीही लांबला तरी मालिका पुन्हा सुरू करायची नसते, जिथं थांबली तिथून पुढं न्यायची. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, जास्त झाले तर चालतात. बीसीजी एक वर्षापर्यंत देता येते. पेंटा वर्षाच्या आत सुरू झाली असेल तर ती पूर्ण करायची. वर्ष उलटून गेलं आणि पेंटाचा एकही डोस नाही, तर डीपीटीचे तीन डोस महिन्या-महिन्यानं. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत, दोन डोसांत एक महिन्याचं अंतर ठेवून.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा नियम. माहेर इंडीला, कलबुर्गीला, नाहीतर तेलंगणात. बीसीजी तिथं झाली, कार्ड तिथल्या ट्रंकेत, आणि आई तीन महिन्यांनी सोलापुरात. कार्ड नाही म्हणून परत पाठवलेली आई बहुधा पुन्हा येत नाही. माहेरी फोन लावा, कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, यू-विनवर त्या मोबाइल नंबरनं शोधा, डाव्या दंडावर बीसीजीचा वण पाहा. काहीच मिळालं नाही तरी त्या दिवशी वयाप्रमाणे देय असलेली लस द्यायची आणि नवं कार्ड करायचं. एखादा डोस दुबार झाला तर सहसा बिघडत नाही. चुकला तर बिघडतं.

आशाताईंनी गरोदरपणाच्या सातव्या महिन्याच्या भेटीतच एक काम करावं: माहेरच्या गावाचं नाव आणि तिथला नंबर लिहून घ्यावा, आणि 'येताना कार्ड ब्लाउजच्या पिशवीत घालून आण' असं आईला आणि सासूला दोघींना सांगावं.

सत्राचा दिवस

सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे चाळीसच्या वरचं ऊन. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये चार आईसपॅक, पण फ्रीजरमधून काढलेले थेट नाहीत. बाहेर ठेवून त्यांच्यावर घाम आला, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच भरायचे. उन्हाळ्यात घाईनं कडक गोठलेले पॅक भरले जातात आणि उन्हापासून वाचवायला निघालेली पेंटा गोठून वाया जाते. पेंटा, पीसीव्ही, एफआयपीव्ही, डीपीटी, कावीळ-ब या लसी एकदा गोठल्या की निकामी. कॅरिअर रिक्षात पायाशी, सावलीत. सत्रात झाकण दर बाळाला उघडत बसू नये.

बीसीजी आणि गोवर-रुबेला ही पूड असते. सोबतच्या द्रावणात मिसळल्यावर चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. मिसळल्याची वेळ कुपीवर लिहिलेली दिसली पाहिजे. एकच बाळ आलं म्हणून 'पुढच्या महिन्यात ये, कुपी फुकट जाईल' असं सांगून परत पाठवणं हे सुटलेल्या गोवर डोसांचं एक मोठं कारण आहे. एका बाळासाठीही कुपी उघडायची.

सर्दी, किरकोळ ताप, पातळ शी, दात येणं यांसाठी लस थांबवायची नसते. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. त्यासाठीच सतरंजी आणि पाणी. तीव्र ॲलर्जीसाठीचं ॲड्रेनलिनचं किट सिस्टरच्या पिशवीत आहे ना आणि त्याची मुदत उलटलेली नाही ना, हे सत्र सुरू व्हायच्या आधी पाहायचं.

दीड महिन्याला आणि साडेतीन महिन्यांना एकाच दिवशी तीन सुया पडतात. आया इथंच कचरतात: 'आज एकच द्या, बाकीच्या नंतर.' तीन सुया तीन वेगळ्या जागी जातात: पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, एफआयपीव्ही दंडात, कातडीच्या वरच्या थरात. हे आधीच, घरी असताना सांगा. सुई भरल्यावर सांगितलं तर आई बाळ उचलून चालू लागते. 'तीन वेळा येऊन तीनदा रडवण्यापेक्षा आजच होऊ दे' हे शेजारच्या बाईनं तिच्या भाषेत सांगितलं तर पटतं. सुई देताना बाळ आईच्या मांडीवर, आणि लगेच अंगावर पाजायला द्यायचं.

तापाची रात्र

पहिल्या आणि दुसऱ्या डोसाच्या मध्ये बरीच बाळं गळतात, आणि त्यामागं बहुतेक वेळा पहिल्या पेंटानंतरची रात्र असते. ताप आलेलं, मांडीवरून खाली न उतरणारं बाळ म्हणजे त्या दिवसाच्या विड्या नाहीत, म्हणजे आठवड्याच्या पैशांत तूट. शिवाय सासूचे बोल. आईची हरकत लसीला नसते, त्या रात्रीला असते. म्हणून त्या रात्रीची तयारी करून द्या.

ताप पेंटानंतर त्याच दिवशी येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. गोवर-रुबेलानंतरचा ताप आणि बारीक पुरळ मात्र साधारण आठवड्या-दीड आठवड्यानं येतं. हे सांगून ठेवलं नाही तर आई त्याचा लसीशी संबंधच लावत नाही आणि घाबरून भलतीकडे धावते. पॅरासिटामॉलचं प्रमाण वजनावर: किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम. ५ किलोच्या बाळाला ५० ते ७५ मिलिग्रॅम. १२५ चं सिरप (५ मिलीत १२५ मिलिग्रॅम) असेल तर २ ते ३ मिली. ड्रॉप्स असतील (१ मिलीत १०० मिलिग्रॅम) तर अर्धा ते पाऊण मिली. इथं घात होतो: ड्रॉप्सची बाटली घरात असते आणि सिरपचं प्रमाण लक्षात असतं. ड्रॉप्स चार पटीनं जहाल असतात. म्हणून बाटली हातात घेऊन, तिच्याच ड्रॉपरवर पेनानं रेघ मारून द्या. डोस सहा तासांनी पुन्हा, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. सुईच्या जागी हळद, राख, तेल काहीही नको, चोळायचं नाही. सूज असेल तर ओलं गार फडकं.

बीसीजीच्या जागी दोन-चार आठवड्यांनी गाठ येते, फुटते, खपली धरते. ते चांगलं लक्षण आहे, तिथं मलम लावायचं नाही. बाळ सतत तीन तासांवर रडत राहिलं, झटका आला, निपचित पडलं, दूध ओढेनासं झालं, तर वाट न पाहता सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईची पाच मिनिटांची फेरी: 'कसं आहे बाळ?' महिनाभराच्या समजावणीपेक्षा ही फेरी पुढचा डोस जास्त खात्रीनं आणते.

नको म्हणणारी घरं

ही घरं थोडी असली तरी त्यांना वेळ द्यावा लागतो. आधी ठरवा की 'नाही' कुणाचं आहे. आईचं, सासूचं की वडिलांचं? वडील यंत्रमागावर रात्रपाळीला असतील तर दुपारी ते झोपलेले असतात, त्यांना संध्याकाळी गाठा. वाद घालू नका. कारण ऐकून घ्या, तेवढ्यापुरतंच उत्तर द्या. 'आमच्या थोरल्याला काही दिलं नव्हतं, तो धडधाकट आहे' असं म्हणणाऱ्या घरात आकडेवारी चालत नाही, त्याच गल्लीतली लस घेतलेली दोन बाळं चालतात.

शब्दही घरचे वापरा. गोवर म्हणून समजत नसेल तर तेलुगू घरात 'तट्टू', कन्नड घरात 'दडार', उर्दू बोलणाऱ्या घरात 'खसरा'. आजार डोळ्यांसमोर आला की लसीचं बोलणं सोपं जातं. रेशन बंद होईल, दाखला मिळणार नाही, शाळेत घेणार नाहीत अशा धमक्या देऊ नका. एक डोस मिळतो, पुढचे सगळे जातात आणि शेजारची चार घरंही दार लावतात.

महिनाअखेरचा हिशेब

पेंटा-१ घेतलेली बाळं ४०, पेंटा-३ पर्यंत पोचलेली ३४. गळती: ४० वजा ३४, भागिले ४०, म्हणजे १५ टक्के. दहाच्या वर गेली की कारण शोधायचं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस घेतलेली २८ निघाली तर गळती ३० टक्के, आणि यातली निम्मी बाळं (३४ वजा २८) साडेतीन ते नऊ महिन्यांच्या मोठ्या खंडात हरवलेली असतात. त्या साडेपाच महिन्यांत कुणीच त्यांच्या दारात जात नाही. सहाव्या महिन्यात वरचं अन्न सुरू करायच्या निमित्तानं एक फेरी ठेवा आणि कार्डावर नऊ महिन्यांची तारीख गोल करून या.

कार्डाची प्रतिपत्रिका (सिस्टरकडे राहणारा भाग) पुढच्या डोसाच्या महिन्याच्या कप्प्यात घालायची, तो महिना आला की कप्पा रिकामा करायचा. महिना संपला तरी कप्प्यात राहिलेली प्रत्येक पत्रिका म्हणजे एक सुटलेलं बाळ, तिच्यावर घराचा नंबर आहे, गल्ली आहे. ऊसतोड आणि वीटभट्टीच्या कुटुंबांच्या पत्रिका वेगळ्या दोऱ्यात बांधा आणि हंगाम संपून ती परत निघायच्या आधी, मार्चमध्येच, त्यांच्या गावच्या केंद्राला नावं कळवा. बाळाच्या कार्डावर पुढचा डोस कोणता आणि कोणत्या तारखेला, हे ठळक लिहून आईच्या हातात द्या, आणि ते कार्ड रेशनकार्डाच्याच प्लास्टिकच्या पिशवीत तिच्यादेखत ठेवा.